कारखान्याची सुरक्षा-तपासणी

बंगळूर शहराच्या वायव्येस, तुमकूरकडे जाणाऱ्या हमरस्त्याच्या अंगाला, पीण्या नावाची औद्योगिक वसाहत आहे. १९७० च्या दशकात आकारास आलेल्या या वसाहतीत आज हजारो लहानमोठे कारखाने एकमेकांस खेटून उभे आहेत. कोठे लेथवर पोलादी दांडे कातले जातात, कोठे प्रेसखाली पत्र्याचे भाग कापले जातात, कोठे त्यांवर क्रोमियमचा मुलामा चढतो, तर कोठे शेकडो स्त्रिया ओळीने बसून कपडे शिवतात. यांपैकी एखाद्या कारखान्यात सुरक्षा-तपासणी होणार अशी वार्ता आली, की एकच धांदल उडते. भिंतींना चुना लागतो, जमिनीवरचे तेल पुसले जाते, महिनोन्‌महिने कोपऱ्यात पडून असलेल्या संरक्षक जाळ्या यंत्रांवर पुन्हा बसविल्या जातात आणि कामगारांच्या हाती कोरे हातमोजे येतात. तपासणी पार पडली, की काम भरभर व्हावे म्हणून जाळ्या पुन्हा उतरतात.

ही तयारी कोणासाठी असते, असा प्रश्न येथे उपस्थित होतो. निरीक्षक वर्षातून एखाद्या दिवशी काही तास कारखान्यात असतो. कामगार मात्र वर्षाचे सुमारे तीनशे दिवस त्याच यंत्रापाशी उभा असतो आणि अपघात यांपैकी कोणत्याही दिवशी घडू शकतो. यास्तव सुरक्षा-तपासणीची तयारी म्हणजे काय, निरीक्षक कोणत्या गोष्टी पाहतो आणि त्या का पाहतो, हे शास्त्रीय दृष्टीने समजून घेणे मालक व कामगार या दोघांच्याही हिताचे आहे.

बंगळूरच्या उद्योगांची वाढ

बंगळूरच्या कारखानदारीचा पाया कापड आणि वीज या दोहोंनी घातला. १८८४ मध्ये येथे सूत व लोकरीची मोठी गिरणी निघाली. १९०२ मध्ये कावेरी नदीवरील शिवनसमुद्र येथील जलविद्युत केंद्रातून कोलारच्या सोन्याच्या खाणींना वीज मिळू लागली आणि १९०५ मध्ये तीच वीज बंगळूर शहरात आली. पुढे १९४० मध्ये सोलापूरचे उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी म्हैसूर संस्थानाच्या साहाय्याने येथे विमानांचा कारखाना काढला. तोच कारखाना आज हिंदुस्थान एरोनॉटिक्स या सरकारी कंपनीच्या रूपाने उभा आहे. १९४६ मध्ये किर्लोस्कर घराण्याने विजेच्या मोटारी व तत्सम यंत्रे बनविण्यासाठी येथे कंपनी स्थापन केली. स्वातंत्र्यानंतर १९४८ मध्ये दूरध्वनीची यंत्रे, १९५३ मध्ये यंत्रावजारे आणि १९५४ मध्ये इलेक्ट्रॉनिक उपकरणे बनविणारे सरकारी उद्योग या शहरात उभे राहिले.

या मोठ्या कारखान्यांना लागणारे सुटे भाग पुरविण्यासाठी शेकडो छोटे कारखाने निघाले. त्यांतील पुष्कळांचे मालक मोठ्या कारखान्यांतून शिकून बाहेर पडलेले कुशल कारागीर होते. मोठ्या कारखान्यात सुरक्षा अधिकारी असतो, वैद्य असतो, अग्निशामक दल असते. पंधरा-वीस माणसांच्या कारखान्यात यांपैकी काहीही नसते. तेथे मालकच फोरमन, तोच हिशेबनीस आणि सुरक्षिततेची जबाबदारीही त्याचीच. म्हणून तपासणीच्या तयारीचा प्रश्न छोट्या कारखान्यात सर्वांत बिकट होतो.

निरीक्षक कोठून आला?

कारखान्यांची तपासणी सरकारी अधिकाऱ्याने करावी, ही कल्पना प्रथम इंग्लंडमध्ये मूर्त झाली. १८३३ च्या कायद्यान्वये तेथे चार निरीक्षक नेमण्यात आले. हिंदुस्थानात पहिला कारखाने कायदा १८८१ मध्ये झाला. तो यंत्रशक्तीवर चालणाऱ्या आणि शंभर किंवा अधिक माणसे असणाऱ्या कारखान्यांपुरताच होता. सात वर्षांखालील मुलांना कामास ठेवू नये आणि सात ते बारा वर्षांच्या मुलांकडून दिवसास नऊ तासांहून अधिक काम घेऊ नये, एवढाच त्याचा मुख्य आशय होता.

कामगारांच्या बाजूने या प्रश्नाला वाचा फोडण्याचे श्रेय मुंबईच्या नारायण मेघाजी लोखंडे यांच्याकडे जाते. १८८४ मध्ये त्यांनी गिरणी कामगारांच्या सभा भरविल्या आणि पाच हजारांहून अधिक कामगारांच्या सह्यांचा अर्ज सरकारकडे धाडला. आठवड्याची सुटी, दुपारची विश्रांती आणि वेळेवर पगार या मागण्यांबरोबरच, कामावर जखमी झालेल्या माणसास बरा होईपर्यंत वेतन मिळावे आणि तो कायमचा पंगू झाल्यास त्याच्या निर्वाहाची सोय व्हावी, अशीही मागणी त्या अर्जात होती. १८९० मध्ये मुंबईच्या गिरणीमालकांनी रविवारची सुटी मान्य केली. अपघात हा कामगाराच्या नशिबाचा भाग नसून कारखान्याच्या व्यवस्थेचा प्रश्न आहे, हा विचार त्या अर्जात प्रथमच इतक्या स्पष्टपणे मांडला गेला होता.

स्वातंत्र्यानंतर झालेला १९४८ चा कारखाने कायदा १ एप्रिल १९४९ पासून अमलात आला आणि सुमारे पाऊणशे वर्षे तो देशातील कारखान्यांचा मुख्य आधार राहिला. डिसेंबर १९८४ मध्ये भोपाळ येथे विषारी वायूची भीषण दुर्घटना घडली. त्या कारखान्यात वायू थंड ठेवणारे, शोषून घेणारे आणि जाळून टाकणारे संयंत्र, अशी तीनही साधने होती. परंतु त्या रात्री यांपैकी एकही पुरेसे उपयोगी पडले नाही. या दुर्घटनेनंतर १९८७ मध्ये कायद्यात घातक प्रक्रियांविषयीचे स्वतंत्र प्रकरण घालण्यात आले आणि धोक्याची माहिती मिळण्याचा कामगारांचा हक्क मान्य झाला. पुढे संसदेने २०२० मध्ये व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती यांविषयीची एकत्रित संहिता संमत केली. ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली असून तिने कारखाने कायद्यासह तेरा जुन्या कायद्यांची जागा घेतली आहे.

या संहितेत निरीक्षकाचे पदनामही बदलले. तो आता निरीक्षक असून सुविधाकारही आहे, म्हणजे दोष दाखविण्याबरोबरच सल्ला देणे हेही त्याचे काम आहे. कोणत्या कारखान्याची तपासणी व्हावी हे संगणकाच्या साहाय्याने, कोणाच्याही मर्जीवर न ठेवता निवडण्याची तरतूद तीत आहे. विजेवर चालणाऱ्या कारखान्याची कायदेशीर व्याख्या पूर्वी दहा कामगारांपासून लागू होत असे, ती आता वीस कामगारांपासून लागू होते. तथापि दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांवर संहितेतील सर्वसाधारण कर्तव्ये बंधनकारक आहेतच. शिवाय प्रेसच्या साच्याखाली बोट सापडले, तर कारखान्यात पंधरा माणसे आहेत की पंचवीस, याने त्या बोटाला काहीच फरक पडत नाही.

कागदपत्रे: कारखान्याची स्मरणशक्ती

निरीक्षक आल्यावर बहुधा प्रथम कागदपत्रे मागतो. अनेक मालकांस हा निव्वळ उपचार वाटतो. वस्तुतः या कागदांचा अर्थ निराळा आहे. साखळी, दोर, हुक, हवेच्या दाबाची टाकी यांसारख्या वस्तू हळूहळू झिजतात आणि ही झीज डोळ्यांस दिसत नाही. पोलादावर वारंवार ताण पडत राहिला, तर त्यात केसाएवढी सूक्ष्म भेग निर्माण होते आणि प्रत्येक उचलीबरोबर ती किंचित वाढते. बाहेरून धडधाकट दिसणारा हुक एके दिवशी नेहमीच्याच भाराखाली तुटतो, त्याचे कारण हेच. म्हणूनच १९४८ च्या कायद्याने माल उचलण्याच्या यंत्रांची, दोरांची व साखळ्यांची वर्षातून एकदा आणि उद्वाहनांची सहा महिन्यांतून एकदा जाणत्या व्यक्तीकडून कसून परीक्षा करविण्याचे बंधन घातले होते.

अशा परीक्षेचा दाखला, अपघातांची नोंदवही, कामगारांच्या वैद्यकीय तपासण्यांचे अहवाल, विजेच्या अर्थिंगच्या मोजण्या आणि रसायनांची माहितीपत्रके ही कारखान्याची स्मरणशक्ती होय. अपघातांची नोंदवही तर विशेष मोलाची. तीत किरकोळ खरचटण्यापासून सर्व प्रसंग प्रामाणिकपणे लिहिलेले असतील, तर एकाच यंत्रापाशी तीन महिन्यांत चार जणांच्या हाताला जखम झाली, हे चटकन ध्यानात येते. याउलट, जी नोंदवही वर्षानुवर्षे कोरी आहे ती पाहून अनुभवी निरीक्षकाच्या मनात संशयच येतो, कारण शंभर माणसे धातूशी झुंजत असताना कोणालाच कधी खरचटले नाही, हे संभवत नाही. तपासणीच्या आदल्या रात्री एकाच शाईने भरलेली वही तर काहीच सांगत नाही.

यंत्रे: हाताचा वेग आणि यंत्राचा वेग

कागद पाहून झाल्यावर निरीक्षक यंत्रांकडे वळतो. कारखान्यातील सर्वांत धोक्याच्या यंत्रांत प्रेसची गणना होते. वरचा साचा वेगाने खाली येतो आणि पत्रा कापतो अथवा वाकवितो. कामगाराचा हात साच्याखाली असू नये म्हणून अनेक प्रेसना दोन बटणे असतात. दोन्ही हातांनी ती एकाच वेळी दाबून धरल्याखेरीज साचा हलत नाही.

परंतु ही बटणे साच्यापासून किती अंतरावर हवीत? याचे उत्तर साध्या गणिताने मिळते. माणसाचा हात सेकंदास सुमारे १.६ मीटर वेगाने झेप घेतो, असे सुरक्षाशास्त्रात धरले जाते. समजा, बटण सोडल्यानंतर प्रेस पूर्णपणे थांबण्यास ०.२ सेकंद लागतात. तेवढ्या वेळात हात ०.३२ मीटर, म्हणजे ३२ सेंटिमीटर, पुढे जाईल. तेव्हा बटणे साच्यापासून निदान इतकी आणि बोटांची पोहोच हिशेबात घेऊन त्याहूनही काहीशी दूर हवीत. आता प्रेसचा ब्रेक झिजला आणि थांबण्यास ०.४ सेकंद लागू लागले, तर हेच अंतर ६४ सेंटिमीटर होते. बटणे होती तेथेच आहेत, यंत्रही तसेच दिसते, पण संरक्षण मात्र नाहीसे झालेले असते. ब्रेकची तपासणी ठराविक मुदतीने का करावी, याचे कारण यावरून स्पष्ट होईल. एक बटण दाबलेल्या स्थितीत पाचर ठोकून पक्के केल्याचेही काही ठिकाणी आढळते. कामगार एका हाताने बटण दाबतो आणि दुसऱ्याने पत्रा सरकवितो. यामुळे दर तासाला काही नग अधिक निघतात, आणि त्यांची किंमत कधीतरी बोटांनी चुकवावी लागते.

दुसरे उदाहरण ग्राइंडरचे. २० सेंटिमीटर व्यासाचे चाक मिनिटाला २,८०० फेरे घेत असेल, तर त्याच्या कडेचा वेग सेकंदास सुमारे २९ मीटर, म्हणजे ताशी शंभर किलोमीटरांहून अधिक होतो. असे चाक फुटले, तर त्याचे तुकडे याच वेगाने सुटतात. म्हणून चाकाभोवती भक्कम कवच लागते आणि काम टेकविण्याची पट्टी चाकापासून ३ मिलिमीटरांहून दूर नसावी लागते. अंतर वाढले, की काम खाली खेचले जाऊन अडकते. नवे चाक बसविण्यापूर्वी ते हलकेच ठोकून पाहण्याची जुनी रीत आहे. भट्टीत भाजलेल्या जातीचे निर्दोष चाक खणखणीत वाजते आणि तडा गेलेल्या चाकाचा आवाज बद्द येतो. मातीचे मडके वाजवून घेणाऱ्या गृहिणीस हे शास्त्र निराळे शिकवावे लागत नाही.

संरक्षणाचे उपाय कोणत्या क्रमाने योजावेत, याविषयीही शास्त्राने एक पायरीवार मार्ग आखला आहे. सर्वप्रथम धोका समूळ काढून टाकता येतो काय ते पाहावे. ते शक्य नसेल, तर घातक पदार्थाऐवजी सौम्य पदार्थ वापरावा. तेही न जमल्यास यंत्राला जाळी, कवच किंवा धूर ओढून घेणारा पंखा बसवावा. त्यानंतर कामाच्या पद्धतीचे नियम, आणि अगदी शेवटी हातमोजे, चष्मा, मुखपट्टी यांसारखी अंगावर घालावयाची साधने. तपासणीच्या धांदलीत हा क्रम नेमका उलटा होतो. हातमोजे सर्वांत स्वस्त व सर्वांत लवकर मिळणारे असल्याने तेच प्रथम आणले जातात. फिरत्या यंत्रापाशी तर सैल हातमोजा स्वतःच अपघाताचे कारण होतो, कारण ड्रिलचे पाते मोज्यासकट हातही गुंडाळून घेते.

न दिसणारे धोके

यंत्राचा दात दिसतो, परंतु हवेतील कण दिसत नाहीत. ओतशाळेतील वाळूपासून किंवा दगड घासण्यापासून उडणाऱ्या धुळीत सिलिकाचे अतिसूक्ष्म कण असतात. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाडीचा असतो. फुफ्फुसाच्या तळापर्यंत पोहोचणारे कण पाच मायक्रॉनांच्या आसपासचे किंवा त्याहूनही लहान असतात. असे कण स्थिर हवेतही कित्येक मिनिटे, आणि एका मायक्रॉनचे कण तर कित्येक तास तरंगत राहतात. झाडूने धूळ झाडल्यास जमिनीवर बसलेले कण पुन्हा हवेत जातात. म्हणून पाणी शिंपडून किंवा शोषक यंत्राने धूळ काढणे आवश्यक ठरते.

मुलामा चढविण्याच्या कारखान्यात क्रोमिक आम्लाच्या टाकीवर सूक्ष्म फवारा उठतो. तो श्वासावाटे जात राहिल्यास नाकातील पडद्याला व्रण पडून अखेर भोक पडते. यासाठी अशा कामगारांची नाके वैद्याकडून नियमाने तपासून घ्यावी लागतात. याच धंद्यात सायनाइडचे क्षारही वापरात असतात. सायनाइड आणि आम्ल एकत्र आले, की प्राणघातक हायड्रोजन सायनाइड वायू सुटतो. यास्तव हे दोन पदार्थ एका फळीवर, किंवा सांडल्यास ओघळ एकत्र येतील अशा जागी, कदापि ठेवू नयेत. आदल्या दिवशी केलेल्या आवराआवरीत सगळी पिंपे एका रांगेत नीट मांडली गेली, तर खोली टापटीप दिसते, पण धोका मात्र वाढलेला असतो.

आवाजाचे मोजमाप डेसिबलमध्ये करतात. हे माप गुणोत्तराचे असल्याने ९० वरून १०० डेसिबलवर जाणे म्हणजे आवाजाची ऊर्जा दसपट होणे. भारतीय नियमांनी दिवसाच्या आठ तासांसाठी ९० डेसिबलची मर्यादा धरली आहे. ऐकण्याची शक्ती हळूहळू व वेदनेवाचून जात असल्यामुळे, सहकाऱ्याशी बोलताना ओरडावे लागणे हीच पहिली खूण समजावी.

सर्वांत फसवा धोका बंदिस्त जागेचा. सांडपाण्याच्या टाकीत किंवा हौदात उतरणारा माणूस क्षणात कोसळतो आणि त्याला वाचविण्यास धावलेले दुसरे-तिसरेही तेथेच प्राण गमावतात, असे प्रसंग देशात वारंवार घडले आहेत. साध्या हवेत प्राणवायू सुमारे २१ टक्के असतो. तो १९.५ टक्क्यांखाली गेल्यास जागा धोक्याची समजतात. सडलेल्या पाण्यातून निघणारा हायड्रोजन सल्फाइड वायू प्रथम कुजक्या अंड्यासारखा वास देतो, परंतु त्याचे प्रमाण वाढले, की घ्राणेंद्रियच बधिर होते. वास येईनासा झाला म्हणजे वायू गेला, असे मानणे प्राणघातक ठरते. म्हणून टाकीत उतरण्यापूर्वी उपकरणाने हवा मोजणे, लेखी परवाना देणे, कमरेला दोर बांधणे आणि बाहेर एक माणूस सतत उभा ठेवणे या चार गोष्टींना पर्याय नाही.

आग आणि दाखला

२३ फेब्रुवारी २०१० रोजी बंगळूरच्या जुन्या विमानतळ रस्त्यावरील कार्ल्टन टॉवर्स या कचेऱ्यांच्या बहुमजली इमारतीत आग लागली. ज्वाळांपेक्षा धूरच अधिक घातक ठरला. तापलेला धूर हलका असल्यामुळे विजेच्या तारांसाठी ठेवलेल्या उभ्या पोकळीतून तो वरच्या मजल्यांवर पसरला. जिन्यांत धूर कोंडल्याने लोकांना खाली येता येईना. काहींनी काचा फोडून उड्या टाकल्या. या दुर्घटनेत नऊ जणांचा अंत झाला. ती इमारत कारखाना नव्हती, तेथे भट्ट्या किंवा प्रेस नव्हते. मेजाशी बसून काम करणाऱ्यांनाही सुरक्षित जिना आणि मोकळे दार हवे असते, हे या घटनेने शहरास शिकविले.

कपड्यांच्या कारखान्यांचा इतिहास याच गोष्टीची साक्ष देतो. २५ मार्च १९११ रोजी न्यूयॉर्कमधील ट्रँगल शर्टवेस्ट कारखान्याला आग लागली, तेव्हा एक दार कुलूपबंद होते. १४६ जण, त्यांतील बहुसंख्य तरुण मुली, प्राणास मुकले. त्यानंतर शंभर वर्षांनी, ११ सप्टेंबर २०१२ रोजी, कराचीतील एका कापड कारखान्याच्या आगीत अडीचशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. खिडक्यांना गज होते, बाहेर पडण्याच्या वाटा पुरेशा खुल्या नव्हत्या. विशेष म्हणजे, अवघ्या काही आठवड्यांपूर्वी त्याच कारखान्याला कामाच्या परिस्थितीविषयीचा आंतरराष्ट्रीय दाखला मिळालेला होता. तपासणी झाली होती, कागद मिळाला होता आणि खिडक्यांचे गज जागच्या जागीच होते.

ज्या तयारीचा हेतू केवळ दाखला मिळविणे हा असतो, ती कोठवर जाते हे कराचीने दाखविले. बंगळूर हे भारतातील तयार कपड्यांच्या प्रमुख केंद्रांपैकी एक असून तेथील कारखान्यांत काम करणाऱ्यांत स्त्रियांची संख्या मोठी आहे. माल चोरीस जाऊ नये म्हणून मागचे दार बंद ठेवणे, जिन्यावर कापडाचे गठ्ठे रचणे आणि अग्निशामक नळकांड्यापुढे टेबल लावणे, या तिन्ही गोष्टी क्षणात करता येतात व क्षणात दूरही करता येतात. म्हणूनच तपासणीच्या दिवशी त्या दिसत नाहीत आणि नंतर पुन्हा दिसू लागतात. दारे बाहेरच्या बाजूस उघडणारी असावीत, काम चालू असताना त्यांना कुलूप नसावे आणि बाहेर पडण्याचा सराव वर्षातून काही वेळा घड्याळ लावून करावा. सरावात लागलेला वेळ लिहून ठेवला, तर पुढच्या खेपेस सुधारणा झाली की नाही हे समजते.

माणसांस काय विचारले जाते?

अनुभवी निरीक्षक मालकाशी बोलून झाल्यावर यंत्रापाशी उभ्या असलेल्या कामगाराशी बोलतो. हे यंत्र तात्काळ कसे थांबवाल? घंटा वाजली तर कोणत्या दाराने जाल? या पिंपात काय आहे? या प्रश्नांची उत्तरे आदल्या दिवशी पाठ करून घेता येतात. तथापि कामगारास खरोखर माहिती आहे की नाही, हे दुसऱ्याच प्रश्नास कळून येते.

बंगळूरच्या कारखान्यांत कन्नडबरोबरच तमिळ, तेलुगू, हिंदी, उडिया, बंगाली अशा अनेक भाषा बोलणारे कामगार शेजारी शेजारी काम करतात. इंग्रजीत छापलेला सूचनाफलक भिंतीवर असला, तरी तो वाचता न येणाऱ्यास त्याचा उपयोग नाही. सूचना कामगारास समजणाऱ्या भाषेत व चित्रांच्या साहाय्याने द्यावी आणि तिचे पालन त्याच्याकडून प्रत्यक्ष करवून घ्यावे. कंत्राटी व नव्याने आलेल्या कामगारांकडे विशेष लक्ष पुरविणे अगत्याचे आहे, कारण त्यांना ना यंत्राचा स्वभाव माहीत असतो, ना प्रश्न विचारण्याचे धैर्य असते.

जवळ आलेला धोका दिसताच तो वरिष्ठांच्या निदर्शनास आणणे हा कामगाराचा कायदेशीर हक्क आहे. १९८७ च्या दुरुस्तीत त्याला स्थान मिळाले आणि २०२० च्या संहितेनेही तो मान्य केला. परंतु हा हक्क वापरणाऱ्यास कामचुकार ठरविले जात असेल, तर तो कागदावरच राहतो. प्रेसचा ब्रेक उशिरा लागतो हे निरीक्षकापूर्वी कितीतरी दिवस कामगाराच्या लक्षात आलेले असते. त्याने सांगावे आणि त्या दिवशी यंत्र थांबावे, अशी रीत ज्या कारखान्यात आहे, तेथे निम्मी तपासणी रोजच होत असते.

तयारीचा क्रम

छोट्या कारखान्याच्या मालकाने ही तयारी कशी करावी? पहिली पायरी म्हणजे फेरी. आठवड्यातून एक दिवस ठरवून, मालकाने दरवाजापासून गोदामापर्यंत सर्व कारखाना पायी फिरावा. सोबत एक फोरमन आणि प्रत्येक खेपेस निराळा एक कामगार घ्यावा. जे दिसेल ते तेथल्या तेथे टिपावे.

दुसरी पायरी निवडीची. सर्व दोष एकदम दूर होत नाहीत, म्हणून प्रत्येक दोषाविषयी दोन प्रश्न विचारावेत. यातून किती गंभीर इजा होईल, आणि ती होण्याचा संभव किती? उघडा पट्टा, बंद दार, सोललेली तार यांचे स्थान भिंतीच्या रंगाच्या कितीतरी वर लागते. जिवावर बेतेल असे काही आढळल्यास दुरुस्ती होईपर्यंत ते काम थांबवावे.

तिसरी पायरी म्हणजे प्रत्येक दोषापुढे तो दूर करणाऱ्याचे नाव आणि तारीख लिहिणे. नाव व तारीख नसलेली यादी महिनोन्‌महिने तशीच राहते. चौथी पायरी नोंदीची. काय सापडले, काय केले, काय राहिले, हे साध्या वहीत लिहावे. निरीक्षकापुढे ही वही ठेवण्यास संकोचण्याचे कारण नाही. स्वतःचे दोष शोधून ते क्रमाने दूर करणारा कारखाना त्याला या वहीतून दिसतो आणि राहिलेल्या कामांत तो सल्लाही देऊ शकतो. अखेरची पायरी तपासणीनंतरची. निरीक्षकाने लेखी दिलेल्या सूचना कामगारांस वाचून दाखवाव्यात, त्यांची पूर्तता मुदतीत करावी आणि सहा महिन्यांनी ती टिकून आहे काय, हे पुन्हा पाहावे.

देशात या कामी साहाय्य करणाऱ्या संस्थाही आहेत. १९६६ मध्ये स्थापन झालेली राष्ट्रीय सुरक्षा परिषद दरवर्षी ४ मार्च रोजी आपला स्थापनादिन राष्ट्रीय सुरक्षा दिन म्हणून पाळते. मुंबईत शीव येथे केंद्रीय श्रम संस्था आहे. कर्नाटकात कारखाने, बाष्पके, औद्योगिक सुरक्षा व आरोग्य यांचे स्वतंत्र खाते असून, औद्योगिक आरोग्यावर संशोधन करणारे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचे एक प्रादेशिक केंद्रही बंगळूरजवळ आहे. छोट्या कारखान्यास स्वतःचा तज्ज्ञ ठेवणे परवडत नसले, तरी वसाहतीतील दहा-पंधरा कारखान्यांनी मिळून एकाची सेवा घेण्यास काही अडचण नाही.

अशा रीतीने चालणाऱ्या कारखान्यात निरीक्षक पूर्वसूचनेवाचून आला, तरी धांदल उडण्याचे कारण राहत नाही. जाळ्या यंत्रांवर असतात, कारण त्या काल आणि परवाही तेथेच होत्या. दार उघडते, कारण गेल्या महिन्यातील सरावात ते उघडले होते. निरीक्षकाने विचारले म्हणजे कामगार उत्तर देतो, कारण तोच प्रश्न त्याने स्वतः मालकाला पूर्वी विचारलेला असतो. संध्याकाळी पाळी सुटल्यावर जितकी माणसे सकाळी आत आली तितकीच धडधाकट बाहेर पडावीत, एवढ्याच साठी हे सर्व करावयाचे असते. तपासणीचा शेरा त्यामागून येतो.